नदीचे वय आणि खडकाचा कल

नदीची युवावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्था आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो. पण एखाद्या दरीची एक बाजू सौम्य उताराची आणि दुसरी कड्यासारखी उभी का, असे विद्यार्थ्याने विचारले तर? वयाच्या हिशोबात याचे उत्तर नाही. ते ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने हेन्री पर्वतावर लिहिलेल्या १८७७ सालच्या अहवालात आहे.

हा पर्वत युटा राज्यात आहे. त्याच्या पश्चिमेस वालुकाश्म व शेल यांचे थर सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात मुरडून कललेले आहेत. कठीण थरांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत व मऊ थरांत दऱ्या कोरल्या गेल्या आहेत.

गिल्बर्टचा युक्तिवाद साधा आहे. मऊ थर कोरत खाली गेलेला ओढा तळाच्या कठीण, कललेल्या थराला टेकतो. तो थर सहज कापला जात नाही. म्हणून ओढा त्याच्या पाठीवरून कलाच्या दिशेने घसरतो आणि समोरची मऊ बाजू पोखरतो. मागे कठीण थराचा सौम्य उतार राहतो, पुढे कडा तयार होतो. दरीबरोबर शेजारचा जलविभाजकही सरकतो. थराचा कल कळला की ओढा कोणीकडे सरकेल हे आधीच सांगता येते, हे या विवेचनाचे मोठे बळ आहे.

अहवालात उणिवाही आहेत. हे विवेचन पाचव्या प्रकरणात दडले आहे आणि अहवालाच्या नावावरून त्याचा सुगावा लागत नाही. हे सारे किती वर्षांत घडते, याचेही उत्तर तेथे नाही. खडकांचे वय वर्षांत मोजण्याची पद्धत तेव्हा नव्हतीच.

पुढे डेव्हिसने १८९९ मध्ये भूरूपांसाठी रचना, प्रक्रिया आणि काल अशी तीन सूत्रे मांडली. आपल्या वर्गात त्यांतील बहुधा कालच उरला, असे आम्हांस वाटते. उरलेली दोन गिल्बर्ट वाचताना परत हाती येतात.

सह्याद्रीतील बेसाल्टचे थर बहुतांशी जवळजवळ आडवे असल्याने तेथे सपाट माथे व पायऱ्या दिसतात. मुंबई-पनवेल पट्ट्यात मात्र ते पश्चिमेकडे कलले आहेत. सहलीत दोन्हीकडचे छेद विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावेत. नदीचे वय विचारण्याआधी त्यांनी थरांचा कल पाहावा.