भूपृष्ठ-तापमानाचे नकाशे : काही आक्षेप

दूरसंवेदनाने एखाद्या शहराचे भूपृष्ठ-तापमान काढावयाचे व त्यावरून तेथील ‘उष्णता-बेटा’चा निर्णय करावयाचा, अशा धाटणीचे प्रबंध अलीकडे बरेच वाचनात येतात. त्यांतील नकाशे देखणे असतात. आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेले असतात. मात्र हे आकडे नेमके कशाचे, असा प्रश्न त्यांत क्वचितच उपस्थित केलेला आढळतो.

वस्तुतः उपग्रह तापमान मोजीत नाही. तो पृष्ठभागाकडून येणारे अवरक्त विकिरण मोजतो. तापमान हे त्यावरून केलेले अनुमान होय. वातावरणातील बाष्पाचा परिणाम बहुतेक अभ्यासक विचारात घेतात. खरी अडचण उत्सर्जकतेची आहे. ११ मायक्रोमीटरच्या आसपास ती एक टक्क्याने चुकली, तरी तापमानात ०.६ ते ०.७ अंशांची चूक होऊ शकते. रूढ पद्धतीत ही उत्सर्जकता वनस्पती-निर्देशांकावरून ठरवितात आणि पुढे त्याच निर्देशांकाशी तापमानाचा व्यस्त संबंध असल्याचे ‘सिद्ध’ करतात. म्हणजे साध्याचा काही अंश गणितात आधीच घातलेला असतो! याच रीतीने कारखान्याच्या जस्ताच्या नव्या पत्र्याला उघड्या मातीची, म्हणजे ०.९६ च्या आसपासची, उत्सर्जकता दिली जाते. प्रत्यक्षात ती याच्या निम्म्याहूनही कमी असते. परिणामी नकाशात ते छप्पर थंड दिसते. त्याखाली काम करणाऱ्याचा अनुभव अर्थातच निराळा.

दुसरा आक्षेप वेळेचा. लँडसॅट उपग्रह आपल्याकडून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. मे महिन्यात दख्खनच्या पठारावरील कोरडी, पडीक काळी जमीन तोवर चांगलीच तापलेली असते; शहरातील दगड व काँक्रीट सावकाश तापतात. त्यामुळे शहरच भोवतालाहून थंड ठरण्याचा संभव असतो. उष्णता-बेटाचा खरा प्रत्यय सूर्यास्तानंतर येतो, आणि तोही हवेच्या तापमानात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत असतो. त्याचा आकडा व उपग्रहाचा आकडा परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत.

पिकावरील पाण्याचा ताण अजमावण्यास भूपृष्ठ-तापमानच हवे असते, तेथे ही पद्धत निःसंशय उपयुक्त आहे. शहरासाठी मात्र रात्रीची निरीक्षणे पाहावीत. २०१८ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसविलेल्या इकोस्ट्रेस उपकरणाची अशी निरीक्षणे उपलब्ध आहेत. आणि लँडसॅट-८ च्या १०० मीटरच्या औष्णिक प्रतिमा ३० मीटरच्या चौकटीत बसवून मिळतात, एवढ्यावरून गल्लीनिहाय तापमान सांगण्याचे धाडस तर कोणी करूच नये.