एकच आकडा, दोन गिऱ्हाइके

व्हिडिओ गेमचे परीक्षण बहुधा आकड्यावर संपते. १० पैकी ८, १०० पैकी ७४, नाहीतर पाचपैकी साडेतीन तारे. मजकूर कितीही लांब असो, लक्षात राहतो तो आकडा. चित्रपटालाही तारे मिळतात, पण तिथे परीक्षकाने पाहिलेला अडीच तासांचा चित्रपटच प्रेक्षकही पाहतो. गेमचे तसे नाही. तो खेळणाऱ्याच्या हाताप्रमाणे बदलतो. बटणांवर बोटे बसलेला खेळाडू जो गेम दोन बैठकांत उरकतो, त्याच गेममधल्या पहिल्या मोठ्या राक्षसापाशी नवखा आठवडाभर अडकून पडतो. एकाची तक्रार गेम फार लवकर संपला ही, तर दुसऱ्याची तो पुढे सरकतच नाही ही. दोघांनाही दाखवला जाणारा गुण मात्र एकच असतो.

ही पद्धत मासिकांच्या काळातली. जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘फामित्सु’ने चार परीक्षकांनी प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे आणि त्यांची ४० पैकी बेरीज छापायची, अशी रीत पाडली. पहिले पैकीच्या पैकी ४० गुण १९९८ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम’ला मिळाले. चार जणांची मते वेगवेगळी दिसत असल्यामुळे या पद्धतीत निदान मतभेद झाकला जात नव्हता. २००१ मध्ये आलेल्या ‘मेटाक्रिटिक’ने तोही झाकला. जगभरच्या परीक्षणांचे गुण १०० च्या मापात बसवून त्यांची सरासरी काढायची; ७५ पासून वर हिरवा रंग, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. कोणत्या प्रकाशनाच्या मताला किती वजन दिले जाते, हे मात्र मेटाक्रिटिक सांगत नाही. शाळेत ७० टक्के मिळवणारा मुलगा प्रथम श्रेणीत गणला जातो. इथे ७० चा गेम पिवळ्या पट्ट्यात पडतो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठ फिरवते.

गुण देणारा परीक्षक बहुतेक वेळा मुरलेला खेळाडू असतो आणि त्याची मापेही त्याच वर्गाची असतात: खोली, नावीन्य, नियंत्रणाची चपळाई, दृश्यांचा दर्जा. २००६ साली निन्टेन्डोच्या ‘वी’ यंत्राबरोबर आलेल्या ‘वी स्पोर्ट्स’ला मेटाक्रिटिकवर ७६ गुण मिळाले, म्हणजे जेमतेम हिरवा. या गेमच्या ८ कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यातल्या बऱ्याचशा प्रती यंत्रासोबतच मिळालेल्या होत्या हे खरे, पण हातात काठी धरल्यासारखा रिमोट फिरवून आजी नातवाबरोबर टेनिस खेळू शकते, ही त्याची करामत त्या ७६ मध्ये कुठे दिसत नाही. त्याच वर्षी उलटा प्रकारही घडला. कॅपकॉमच्या ‘गॉड हँड’ या हाणामारीच्या गेमला ‘आयजीएन’ या संकेतस्थळाने १० पैकी ३ गुण दिले. गेम दिसायला ओबडधोबड होता आणि खेळायला विलक्षण कठीण. पुढे याच काठिण्यासाठी मुरलेल्या खेळाडूंनी त्याला डोक्यावर घेतले. म्हणजे गुणाने हौशी खेळाडूची फारशी दखल घेतली नाहीच, पण कसलेल्यालाही प्रत्येक वेळी खरी वाट दाखवली असे नाही.

त्या आकड्याचा सर्वांत पक्का उपयोग धंद्याने करून घेतला. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तर बोनस मिळायचा होता. मिळाले ८४.

महाराष्ट्रात या आकड्याचा अनुभव पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने घेतला. त्यांचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. गोलू या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली राजी, राजस्थानी धाटणीचे महाल, छायाबाहुल्यांच्या खेळातून पुढे सरकणारी कथा, मंडलांची कोडी. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही तग धरून हा गेम पूर्ण झाला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. परीक्षकांचे गुण मात्र सत्तरीच्या आसपास थांबले. दृश्यांची आणि संगीताची वाहवा झाली; लढाईतला साचेबंदपणा, छोटी लांबी आणि तुटल्यासारखा वाटणारा शेवट यांवर बोट ठेवले गेले. यातला एकही आक्षेप खोटा नव्हता. पण ते सारे आक्षेप आधी पन्नास गेम खेळलेल्याचे. दुर्गा आणि विष्णू यांना प्रथमच गेममध्ये भेटणाऱ्या भारतीय खेळाडूला आपल्या घरातल्या गोष्टीत हिंडायला मिळते याचे मोल, आणि पाच-सहा तासांत गेम पूर्ण होतो याचा दिलासा, ही दोन्ही त्याच सत्तरीत विरघळून गेली. हिंदी आवाजातली सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये आली, तोवर पहिल्या परीक्षणांचे गुण ठरून गेले होते.

आला तेव्हा ‘राजी’ खेळायला कन्सोल किंवा बऱ्यापैकी संगणक लागत होता. मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी गेम म्हणजे मोबाइलवरचा गेम. याआधीची पिढी टीव्हीला जोडायच्या यंत्रातल्या कॅसेटवर ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळली. कॅसेटवर छापलेला ‘९९९९ इन १’ हाच तिथला गुण, आणि आत तेच दहा-वीस गेम फिरून फिरून येत. मोबाइलवर त्याची जागा प्ले स्टोअरच्या ताऱ्यांनी घेतली. मेटाक्रिटिक इथे पोचतच नाही. नवी मुंबईच्या ‘गेमेशन’ कंपनीचा ‘लुडो किंग’ (२०१६) कोट्यवधी फोनवर आहे, पण नामवंत परीक्षकांनी त्याला गुण देण्याच्या फंदात पडायचे कारणच नव्हते. नेट नसतानाही चालतो, एकाच फोनवर चौघे आळीपाळीने खेळतात, आणि नियम कोणाला शिकवावे लागत नाहीत. हे तिन्ही गुण परीक्षकाच्या मापात बसत नाहीत.

प्ले स्टोअरच्या ताऱ्यांकडे परीक्षण म्हणून पाहिले तर गोंधळ होतो. त्यांना तक्रारवही समजावे. ‘सहा पडतच नाही’, ‘जाहिराती फार’, ‘अपडेटनंतर फोन तापतो’ अशा एक ताऱ्याच्या ओळींशेजारी ‘मस्त’ एवढेच लिहिलेले पाच तारे असतात. दोन्ही लिहिणाऱ्यांनी गेम किती तास खेळला, हे कळायला मार्ग नाही. राग गेमवरच असतो असेही नाही. बंगळुरूच्या ‘एनकोअर गेम्स’चा ‘फौजी’ २६ जानेवारी २०२१ ला आला. ‘पबजी मोबाइल’वर २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंदी आल्यापासून त्याचा पर्याय म्हणून याचा गवगवा झाला होता. प्रत्यक्षात निघाला गलवानच्या पार्श्वभूमीवरचा एकट्याने खेळायचा हाणामारीचा गेम. पबजीचे चाहते भडकले आणि काही दिवसांत रेटिंग तीनच्या घरात आले. गेम साधारणच होता. तरी ती घसरण गेमच्या दर्जाइतकीच मोडलेल्या अपेक्षेचीही होती.

गूगलने यावर काही उपाय केले. २०१९ पासून अलीकडच्या ताऱ्यांना जास्त वजन दिले जाऊ लागले, २०२१ च्या नोव्हेंबरपासून ज्या त्या देशातले रेटिंग दिसू लागले, आणि त्यानंतर फोन, टॅबलेट अशी साधनानुसार विभागणी जाहीर झाली. यातला दुसरा बदल खरोखर कामाचा, कारण कोरियातल्या वेगवान नेटवरचे तारे भारतातल्या खेळाडूच्या उपयोगाचे नव्हते. पण २ जीबी रॅमचा फोन आणि १२ जीबीचा फोन अजून एकाच रांगेत बसतात. ‘बीजीएमआय’ हा पबजीचा भारतीय अवतार पहिल्यावर सुरू होतो, एवढेच. शेवटच्या वर्तुळात चौघे समोरासमोर आले की चित्र अडखळते, नेम हुकतो आणि अर्ध्या तासाचा डाव वाया जातो. दुसऱ्या फोनवाल्याची तक्रार असते सेकंदाला ९० चित्रांचा (९० एफपीएस) पर्याय दिला नाही ही. दोघेही तीन तारे देतात. त्या दोन तीनांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

एकाच मालाची दोन गिऱ्हाइके असली तर काय करायचे, हे मंगळवेढ्याच्या बाजाराला ठाऊक आहे. इथल्या काळ्या रानातल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नुसता एकरी उतारा धरला तर मालदांडी या इथल्या वाणाला मागे टाकणारी वाणे आहेत. पण मालदांडी पेरली जाते ती भाकरीच्या गोडीसाठी आणि गुरांच्या कडब्यासाठीही. बाजारात दाण्याचा भाव क्विंटलवर ठरतो, कडब्याचा पेंढ्यांच्या शेकड्यावर. दोन्हींची सरासरी काढून ‘ज्वारी: १०० पैकी ८१’ अशी पाटी कोणी लावत नाही.

परीक्षणांत असे दोन भाव सांगण्याचे प्रयत्न तुरळकच झाले. ‘कोटाकू’ या संकेतस्थळाने गुण न देता गेम खेळावा की नाही एवढेच सांगायला सुरुवात केली. ‘युरोगेमर’ने २०१५ मध्ये गुण बंद करून ‘आवश्यक’, ‘शिफारस’, ‘टाळा’ असे शिक्के आणले आणि २०२३ मध्ये ते पाच ताऱ्यांवर परत आले. वाचकाला आकड्याची सवय लागली आहे ती अशी. सर्वांत उपयोगी सोय संगणकावरच्या ‘स्टीम’ दुकानात आहे. तिथे तारे नाहीत, अंगठा वर किंवा खाली. आणि प्रत्येक मताशेजारी ते देणारा किती तास खेळला हे छापलेले असते. चारशे तास खेळून अंगठा खाली करणारा आणि चाळीस मिनिटांत कंटाळलेला, यांतल्या कोणाचे ऐकायचे हे वाचणाऱ्याला ठरवता येते.

मराठी वृत्तपत्रांत चित्रपट-नाटकांच्या ताऱ्यांना ठरलेली जागा आहे; गेमच्या परीक्षणाला नाही. त्यामुळे नवा गेम कसा आहे हे गावातला मुलगा यूट्यूबवर पाहतो. हिंदीत, अधूनमधून मराठीत, स्वस्त फोनवर गेम चालवून दाखवणारे व्हिडिओ तिथे पुष्कळ आहेत. त्यांची भाषा मोकाट असते, समीक्षा म्हणावी असे त्यांत थोडे, आणि शेवटी गुणही बहुधा नसतो. पण सुरुवातीलाच फोनचे मॉडेल, रॅम आणि ग्राफिक्सची सेटिंग पडद्यावर दाखवलेली असते.