घरगुती बंदूक-दुरुस्तीसाठी लेथची निवड : ‘हाऊ टू रन अ लेथ’ या पुस्तिकेच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना :
अमेरिकेत स्वतःच्या रायफलची नळी स्वतः बदलणाऱ्या हौशी कारागिरांची परंपरा जुनी आहे. या कामासाठी कोणता लेथ घ्यावा, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. जॉन व माइल्स ओब्रायन या जुळ्या बंधूंनी १९०६ मध्ये इंडियाना राज्यात स्थापन केलेल्या साऊथ बेंड लेथ वर्क्सने ‘हाऊ टू रन अ लेथ’ ही पुस्तिका काढली. तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. लेथच्या निवडीसंबंधी ही पुस्तिका कितपत मार्गदर्शक ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुस्तिकेचे बलस्थान :
हत्याराला धार लावणे, काम सेंटरवर धरणे, आटे पाडणे या क्रिया पुस्तिकेत चित्रांसह व क्रमाने सांगितल्या आहेत. नवशिक्याला गुरूविना हात चालविता यावा, इतकी तिची भाषा सुबोध आहे. हे श्रेय नाकारता येणार नाही.

मर्यादा :
पुस्तिका लेथचा आकार स्विंग व बेडची लांबी या दोन मापांनी सांगते. सर्वसाधारण कामाला ही मापे पुरतात. बंदुकीच्या नळीला मात्र ती फसवी ठरतात. रायफलच्या नळीचा मागील भाग सुमारे ३० मि.मी. जाडीचा असतो. साऊथ बेंडच्या ९ इंची लेथच्या स्पिंडलचे छिद्र पाऊण इंच, म्हणजे १९ मि.मी. आहे; त्यातून अशी नळी आरपार जात नाही. ‘हेवी टेन’ या १० इंची लेथमध्ये तेच छिद्र १ ३/८ इंच, म्हणजे सुमारे ३५ मि.मी. आहे. नावात एकाच इंचाचा फरक, पण कामाच्या दृष्टीने दोन्ही यंत्रे पूर्णतः भिन्न! बेडच्या लांबीचेही तसेच. ३ फुटी बेडवर दोन सेंटरांमध्ये जेमतेम दीड फूट अंतर उरते; त्यामुळे स्टेडी रेस्ट लावून दोन फुटी नळीवर काम करण्याचा पर्यायी मार्गही तेथे बंद होतो.

या मापांना इतके महत्त्व का द्यावे? नळीचे आतील छिद्र बाह्य पृष्ठभागाशी नेहमीच समकेंद्री असते असे नाही. म्हणून नळी हेडस्टॉकमधून घालून दोन्ही टोकांना डायल गेजने छिद्राचाच अक्ष साधावा लागतो. त्यासाठी हेडस्टॉकही आखूड असणे इष्ट. चेंबर तिरका झाला तर नेम बिघडतो. त्याची खोली चुकली तर काडतूस फाटून नेमबाजाला इजा होऊ शकते. येथे चुकीची निवड केवळ पैशाचा अपव्यय ठरत नाही.

जुना लेथ घेताना चकजवळचा बेड तपासावा, कारण सर्वाधिक झीज तेथेच होते. फोर जॉ चक व स्टेडी रेस्ट यांचा खर्चही यंत्राच्या किमतीतच धरावा.

निष्कर्ष :
पुस्तिका लेथ चालविण्यास उत्तम शिकविते, निवडण्यास नव्हे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना शस्त्रनिर्मितीच नव्हे, तर दुरुस्तीही निषिद्ध आहे. त्यामुळे हा छंद आपल्या वाचकाचा नाही. परंतु हा दोष आपल्या अध्यापनाचाही आहे. कार्यशाळेच्या तासाला आपणही स्विंग व बेडची लांबी पाठ करून घेतो. ‘यावर कोणते काम करायचे आहे?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने प्रथम विचारावा, अशी सवय लावणे अगत्याचे आहे.