पोरंबोक : राखेवरची रागमालिका

तमिळमधील ‘पोरंबोक’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. महसुली दप्तरात तो सर्वांच्या उपयोगाची, म्हणूनच सारा न लावलेली जमीन दाखवतो : तळी, नदीकाठ, खाडी, चराऊ रान. बोलीत मात्र तो निकम्म्या माणसाला घालावयाची शिवी झाला आहे. मद्रास इलाख्यातील रयतवारी पद्धतीने जमिनीचे मोल साऱ्यावरून ठरविले. जी सारा देत नाही ती वाया गेलेली, हा समज दप्तरातून भाषेत उतरला असे मानण्यास जागा आहे. लागवडीस न येणाऱ्या तुकड्याला ‘पोटखराब’ म्हणणाऱ्या सातबाऱ्याशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही दृष्टी परकी वाटू नये.

जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘चेन्नई पोरंबोक पाडल’ ही चित्रफीत या शब्दाच्या अवमूल्यनाविरुद्ध उभी आहे. रतींद्रन प्रसाद यांचे दिग्दर्शन, कबेर वासुकी यांची पदरचना आणि टी. एम. कृष्णा यांचे गायन असलेल्या या फितीचे स्थळ आहे चेन्नईच्या उत्तरेचे एन्नोर. कोसस्थलैयार नदी येथे समुद्राला मिळते. खाडीतील मासे, खेकडे आणि कोळंबी यांवर येथील कुप्पमांचे, म्हणजे कोळीवाड्यांचे, जीवन चालत आले. औष्णिक वीजकेंद्रे, त्यांच्या राखेचे साठे आणि बंदर यांनी या खाडीचे पात्र आणि पाणी दोन्ही बदलून टाकले. चित्रफितीच्या आरंभी गायकाच्या तोंडावर प्रदूषणरोधक मुखवटा असतो. ज्या कलेचे सर्वस्व श्वासावर अवलंबून आहे, तिच्या प्रतिनिधीला येथे श्वासच घेववत नाही, एवढे एका दृश्यात सांगून होते.

या कृतीचे खरे बळ मात्र तिच्या नादरचनेत आहे. गीत रागमालिकेत बांधलेले असून त्याचा प्रारंभ आनंदभैरवीत होतो. मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या कमलांबा नवावरण कृतींतील एक कृती याच रागात आहे. कर्नाटक संगीताने तीर्थक्षेत्रे, नद्या आणि देवालये गाऊन पवित्र केली. भूगोलाला भक्तीचा अर्थ दिला. तोच राग राखेने माखलेल्या पाणथळीवर उमटतो तेव्हा क्षेत्र कोणते आणि अक्षेत्र कोणते, हा प्रश्न ऐकणाऱ्याला टाळता येत नाही. शिवाय पदांची भाषा संस्कृतप्रचुर नाही. ती चेन्नईच्या रस्त्यावरची तमिळ आहे. सभागृहाने दूर ठेवलेली बोली आणि सभागृहाने जपलेला राग यांची ही भेट केवळ चमत्कृती ठरत नाही, कारण दोघांच्या मध्ये तो बहिष्कृत शब्द आहे. शेवटी गायक ते विशेषण स्वतःकडे घेतो आणि श्रोत्यालाही त्यात ओढतो. शिवीचे नाते होते.

तरीही एक शंका उरते. चौकटीच्या मध्यभागी एक कीर्तिमान गायक आहे. खाडीत उतरणारा मच्छीमार नव्हे. या संदर्भात अमेरिकेतील नवाहो लोकांचे उदाहरण उद्बोधक ठरते. १९६६ मध्ये सोल वर्थ आणि जॉन अडेर या अभ्यासकांनी ॲरिझोनातील पाइन स्प्रिंग्ज येथे काही नवाहो स्त्रीपुरुषांच्या हाती कॅमेरा दिला. त्यांनी घेतलेल्या चित्रणात माणसे दीर्घकाळ नुसती चालताना दिसतात. बाहेरच्या प्रेक्षकाला ते भरताड वाटले. पण चार पवित्र पर्वतांमधील भूमी ज्यांच्या श्रद्धेचा पाया आहे, त्यांना ती भूमी पावलांनी मोजणे हाच कथेचा गाभा वाटला असावा. युरेनियम आणि कोळसा यांच्या खाणींनी त्यांच्याही भूमीला ‘उपयुक्त’ ठरवून ओरबाडले. १९७९ मध्ये चर्च रॉक येथे बांध फुटून किरणोत्सारी सांडपाणी नदीत गेले. पुढच्या पिढ्यांतील नवाहो कलावंतांनी कॅमेरा स्वतःकडेच ठेवला, यामागे हा अनुभव आहे.

एन्नोरच्या फितीत असे चालणे नाही. तेथे उभे राहून गायिलेले गाणे आहे. खाडीची ओळख तिच्या अंगवळणी पडलेल्या वाटांवरून होत नाही, विध्वंसाच्या दृश्यांवरून होते. ही तिची मर्यादा होय. परंतु या फितीला पाइन स्प्रिंग्जची कसोटी सरसकट लावणे न्याय्य होणार नाही. ती खाडीच्या रहिवाशांच्या वतीने त्यांचे जीवन सांगू पाहत नाही. खाडीला विसरलेल्या शहराला ती त्याच्याच प्रतिष्ठित स्वरात जाब विचारते. तिचा श्रोता मैलापूरच्या सभागृहात बसलेला आहे, आणि तेथे पोहोचण्यासाठी हाच गायक हवा होता.

चित्रफीत प्रसिद्ध झाल्यावर दोन आठवड्यांत, २८ जानेवारी २०१७ रोजी, एन्नोरजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल समुद्रात पसरले. डिसेंबर २०२३ च्या पुरात खाडीवर पुन्हा तेलाचा तवंग आला. गाण्याने राख हटली नाही, तेल थांबले नाही. गाण्याकडून ती अपेक्षाही नसते. एका शब्दाला त्याचा मूळ मान परत मिळवून देणे हे मात्र साहित्याचेच काम आहे, आणि ते येथे घडले आहे. खाडीच्या माणसांच्या हाती कॅमेरा आल्यावर त्या शब्दाला कोणता अर्थ लाभेल, हा या कृतीने मागे ठेवलेला प्रश्न आहे.