मोडीचे गोडवे आणि मुळशीचा एक कागद

मोडी लिपीचे गोडवे गाण्याची एक लाट अलीकडे आपल्या सुशिक्षित समाजांत आलेली दिसते. कोणी लग्नाची पत्रिका मोडींत काढतात, कोणी दारावरची पाटी मोडींत रंगवून घेतात. आणि आपण ही लिपि हातची घालविली म्हणून व्याख्यानांतून हळहळ व्यक्त होते ती वेगळीच. हळहळ खरी असेल. परंतु मोडी होती तेव्हां ती कोणाची होती, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखकास तो सुचला मुळशी तालुक्यांतील एका घराच्या ओसरीवर.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनीं गेल्या पावसाळ्यांत मला पौडच्या पलीकडील आपल्या गांवीं बोलावून नेलें आणि फडक्यांत बांधलेले दोन कागद पुढें ठेवले. पहिला पेशवाईच्या अखेरचा, सरकारांत वसूल भरल्याबद्दलचा. त्यावर सालाचा आंकडा नव्हता. ‘समान अशर मयातैन व अलफ’ असे शब्द होते. हे शब्द अरबी. समान म्हणजे आठ, अशर दहा, मयातैन दोनशें, अलफ हजार. मिळून १२१८ हा सुहूर सन, म्हणजे इसवी सन १८१७-१८. मौज अशी कीं, ह्या सनाचा वर्षारंभ सूर्य मृग नक्षत्रांत जातांच होतो, आणि म्हणून त्यास मृगसाल असेंहि म्हणत. वर्ष मावळांतल्या पेरणीचें, मोजणी अरबस्तानांतली, आणि अक्षर मोडी! आजोबांना मृग ठाऊक होता; बाकीचें सारें त्यांना त्या दिवशींच कळलें. दुसरा कागद उलगडूं देण्यास मात्र ते राजी होईनात. तो पणजोबांच्या वेळचा गहाणखताचा कागद आहे, कोणास दाखवूं नये, असें त्यांच्या वडिलांनीं त्यांना बजावून ठेवलें होतें.

मोडीच्या स्तुतिपाठकांचीं कारणें ठरलेलीं आहेत. यादवांचा प्रधान हेमाद्रि यानें ती लंकेंतून आणली, ही एक दंतकथा. तींत वेळ घालविण्याचें कारण नाहीं. ती सुंदर आहे, हें दुसरें. बाळाजी आवजी चिटणिसांच्या नांवानें ओळखलें जाणारें वळण ज्यानें पाहिलें असेल तो याविषयीं वाद घालणार नाहीं. तिसरें आणि मुख्य कारण तिचा वेग. हें अगदीं खरें आहे, पण तो वेग कशाच्या जोरावर मिळविला हें पाहिलें पाहिजे. आधीं कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढावयाची, आणि मग बोरू शक्य तों न उचलतां तिच्याखालीं अक्षरें गुंफीत जावयाचें. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्ह नाहीं. इकार एकच, उकारहि एकच. त्यामुळें दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर हे शब्द मोडींत सारखेच दिसतात. लिहिणाराचे जे श्रम वांचले ते सारे वाचणाराच्या माथीं पडले. दोन्ही टोकांना कारकून बसलेला असला तर संदर्भानें काम भागतें. पण एका टोकाला कुणबी असला म्हणजे?

१२ मे १८७५ रोजीं ह्याच पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगा केला. त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या चोपड्यांवर आणि खतांवर होता. खत हातीं लागलें कीं तें आगींत जाई. जो कागद वाचतां येत नाहीं त्याचा समाचार घेण्याची दुसरी वाट त्यांना उरली नव्हती. सरकारच्याहि हें ध्यानांत आलें असावें; कारण १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांसंबंधींच्या कायद्यांत, शेतकऱ्यांचीं खतें गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिलीं जावींत अशी तजवीज करण्यांत आली. पुढें १९२१ सालीं टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट सेनापति झाले, ती हकीकत सर्वश्रुत आहे. त्या खोऱ्यांतील पुष्कळ जमिनी सावकारी कर्जांत गुंतलेल्या होत्या, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाहीं. जमीन कोणाची आणि मोबदला कोणाचा, ह्याचा निवाडा शेवटीं कागदावरच व्हावयाचा होता.

एवढ्यावरून मोडी गेली तें बरेंच झालें, बालबोध म्हणजे तर मुलांनाहि बोध होणारी लिपि, असें म्हणून मोकळे होणारे कांहीं आहेत. त्यांचेंहि मला पटत नाहीं. श्रीरामपूरच्या केरीसाहेबांनीं १८१० सालीं मराठी कोश छापला तो मोडी ठशांत. १८३१ च्या मोल्सवर्थच्या कोशांतले मराठी शब्द बालबोधींत आहेत. छापखान्यानें बालबोधीला जवळ केलें, आणि तिच्या मागोमाग पंडितांचें ह्रस्वदीर्घहि घरोघर आलें. जो भेद कारकुनांनीं शेंकडों वर्षें पाळला नाहीं आणि ज्यावांचून राज्याचा गाडा अडला नाहीं, त्याच्यापायीं आपण मुलांचे गुण कापतों. मीहि कापले आहेत. १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वारांतून मुलांची सुटका केली (प्रस्तुत लेखकाची मात्र झालेली नाहीं), पण वेलांटीचा जाच राहिलाच. मोडी परकी वाटावी ती कुणब्याला. तसे आज बालबोधींत वेलांटी चुकेल म्हणून चार ओळी लिहिण्यास भिणारे लोक थोडे नाहींत.

२०१४ सालीं युनिकोडांत मोडीला जागा मिळाली. ठीक झालें, पण संगणकावर अक्षर उमटल्यानें वाचक निपजत नाहीं. २०२३ सालीं कुणबी नोंदींसाठीं जुनीं दप्तरें चाळण्याची वेळ आली तेव्हां मोडी वाचणारा माणूस एकाएकीं मोलाचा ठरला. पाट्या रंगविणाऱ्यांपैकीं किती जण त्या कामीं उपयोगी पडले असते, ह्याची मला शंका आहे. पुणें पुराभिलेखागारांत पेशवे दप्तराचे हजारों रुमाल आहेत. पाटी रंगविण्याइतकें तें काम सोपें नाहीं, आणि त्यांत शोभाहि नाहीं.

चहा झाल्यावर आजोबांनीं आपण होऊनच दुसरा कागद माझ्या हातीं दिला. शके १८०९ चा, म्हणजे १८८७-८८ मधला. पहिल्या ओळींतला एक शब्द लावण्यास मला बराच वेळ लागला. तो ‘फारखती’ असा होता. नवराबायकोची फारकत म्हणतात तो शब्द ह्याच कुळांतला, अर्थ मोकळीक. मुद्दल व्याजासुद्धां भरून पावलों, आतां कांहीं एक येणें नाहीं, असें सावकारानें लिहून दिलें होतें; आणि घराण्यानें तो कागद तीन पिढ्या कर्जाचा म्हणून दडवून ठेवला होता. मीं तो मोठ्यानें वाचला, मग पुन्हां एकदां वाचला.

“म्हंजी फिटलं व्हतं म्हना की, मास्तर,” आजोबा म्हणाले, आणि नातवाला आंतून हांक मारून त्यांनीं मला तो तिसऱ्यांदां वाचावयास सांगितलें.