मतदारसंघाबाहेरचा प्रश्न : मधू लिमये यांचे संसदीय कार्य आणि बुलडाणा जिल्ह्याचा संदर्भ

प्रास्ताविक

संसदेतील मराठी विरोधी सदस्यांचा विचार करताना मराठी अभ्यासकाची दृष्टी प्रथम वक्तृत्वाकडे वळते. बॅ. नाथ पै यांच्या भाषणांतील भावोत्कटता आणि प्रा. मधू दंडवते यांचा नर्म विनोद यांविषयी मराठीत पुष्कळ आत्मीयतेने लिहिले गेले आहे. मधू लिमये (१९२२–१९९५) यांच्याविषयीही आदराने लिहिले गेले. परंतु तो आदर बहुधा त्यांच्या साधेपणाचा आणि त्यागाचा आहे. माजी खासदाराचे निवृत्तिवेतन त्यांनी नाकारले, १९७७ मध्ये मंत्रिपद स्वीकारले नाही, या गोष्टी वारंवार सांगितल्या जातात. सभागृहात ते प्रश्न कसा विचारीत, कोणासाठी विचारीत, हा मुद्दा मात्र मागे राहतो. चरित्राने समीक्षेची जागा घेतली की कार्याची पद्धती हरवते आणि केवळ वंदनीयता उरते. प्रस्तुत लेखात लिमये यांच्या संसदीय कार्यातील प्रतिनिधी आणि मतदारसंघ यांचे नाते या एकाच अंगाचा विचार केला असून, त्याचा बुलडाणा जिल्ह्याशी असलेला संबंध तपासला आहे.

परक्या भूमीचा प्रतिनिधी

लिमये यांचा जन्म पुण्याचा. लोकसभेवर मात्र ते चारही वेळा बिहारमधून निवडून गेले : १९६४ ची पोटनिवडणूक व १९६७ ची निवडणूक मुंगेरमधून, १९७३ ची पोटनिवडणूक व १९७७ ची निवडणूक बांका येथून. तत्पूर्वी १९५५ मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहात त्यांना पोर्तुगीज सत्तेने बारा वर्षांची शिक्षा ठोठावली होती आणि सुमारे एकोणीस महिने त्यांनी तेथील तुरुंगात काढले. ज्या प्रदेशाशी जन्माचा, जातीचा वा भाषेचा संबंध नाही त्या प्रदेशाचा प्रश्न आपला मानणे ही त्यांच्या राजकारणाची मूळ धारणा होती, असे यावरून म्हणता येते.

या धारणेला राज्यघटनेचा आधार आहे. अनुच्छेद ७५ (३) नुसार मंत्रिमंडळ संपूर्ण लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. एकेका मतदारसंघाला नव्हे. म्हणूनच कोणत्याही मतदारसंघाचा सदस्य देशातील कोणत्याही गावाविषयी केंद्र शासनाला जाब विचारू शकतो. मतदारसंघाची कामे करणे हे खासदाराचे कर्तव्य खरेच. पण संसदीय उत्तरदायित्वाची कल्पना त्याहून व्यापक आहे. ‘आपला खासदार’ या लोकप्रिय कल्पनेत हा भेद पुसट होतो.

परवाना प्रकरण : पद्धती आणि मर्यादा

१९७४ मधील आयात परवाना प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पाँडिचेरी आणि माहे येथील काही व्यापाऱ्यांना परवाने मिळावेत, यासाठी एकवीस खासदारांच्या सह्यांचे निवेदन शासनाकडे गेले. त्यांपैकी बहुतेक सह्या बनावट असल्याचे पुढे आले. या प्रकरणात खासदार तुलमोहन राम यांच्यावर खटला भरला गेला आणि तत्कालीन मंत्री ललित नारायण मिश्र यांच्यावर विरोधकांनी टीकेची झोड उठविली. केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा, या मागणीसाठी जे विरोधी सदस्य झगडले त्यांत लिमये अग्रभागी होते. परवाने दक्षिणेतील व्यापाऱ्यांचे, प्रश्नकर्ता बांक्याचा प्रतिनिधी आणि जन्माने पुणेकर : मतदारसंघाच्या हिताचा येथे कोणताही भाग नव्हता.

येथे लिमये यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य लक्षात येते. आरोप करणे सोपे असते. आरोपाला मंत्री प्रत्यारोपाने उत्तर देतो आणि विषय संपतो. लिमये यांचा भर कागदावर असे. कोणत्या दिवशी कोणते विधान झाले, त्या वेळी शासनाजवळ कोणती माहिती होती आणि नंतरच्या विधानाशी ते जुळते काय, अशी त्यांच्या मांडणीची दिशा असे. त्यामुळे मंत्र्याला हेतूबद्दल नव्हे तर विसंगतीबद्दल उत्तर द्यावे लागे. औचित्याचा मुद्दा आणि हक्कभंगाची सूचना ही त्यांची आवडती आयुधे होती, ती याच कारणाने.

मात्र या पद्धतीच्या यशाला मर्यादाही होत्या. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याची भूमिका घेऊन शासनाने अहवाल पटलावर ठेवण्याचे टाळले. अखेर विरोधी नेत्यांना कागदपत्रे गोपनीयतेच्या अटीवर पाहू दिली गेली. म्हणजे सभागृहातील काहींना ते दिसले, जनतेला दिसले नाही. नियमांवरील प्रभुत्व कितीही असो, बहुमताची इच्छा नसेल तर प्रश्न अर्ध्या वाटेवर थांबतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढविली गेली, तेव्हा तुरुंगात असलेल्या लिमये यांनी १९७६ मध्ये सदस्यत्वाचा राजीनामा दिला. जे सभागृह स्वतःच मतदारांना सामोरे जाण्याचे टाळते, त्याने शासनाला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार गमावलेला असतो, असा या राजीनाम्याचा अर्थ लावता येतो.

१९७७ नंतरचा काळ अधिक गुंतागुंतीचा आहे. सत्ताधारी जनता पक्षात राहून लिमये यांनी दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न लावून धरला आणि १९७९ मध्ये पक्ष फुटला. विरोधी बाकावर जी तर्ककठोरता गुण ठरली, तीच आघाडी टिकविण्याच्या कामी अडसर ठरली, हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. १९८० नंतर ते संसदेत परतले नाहीत.

बुलडाणा जिल्ह्याचा संदर्भ

बुलडाणा मतदारसंघाच्या इतिहासात एक परिस्थिती पुनःपुन्हा उद्भवलेली दिसते. १९९१ मध्ये येथून निवडून आलेले काँग्रेसचे मुकुल वासनिक हे नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले. २००९ पासून निवडून येणारे शिवसेनेचे प्रतापराव जाधव पहिली पाच वर्षे विरोधी बाकावर होते. जून २०२४ मध्ये ते आयुष मंत्रालयाचे स्वतंत्र प्रभार असलेले तसेच आरोग्य व कुटुंबकल्याण राज्यमंत्री झाले. मंत्रिपद ही जिल्ह्याला अभिमानाची बाब वाटते आणि ते स्वाभाविक आहे. पण मंत्री संसदेत प्रश्न विचारीत नाही. तो उत्तर देतो. पक्ष कोणताही असो, प्रतिनिधी मंत्री झाला की त्या मतदारसंघाचा प्रश्न विचारण्यासाठी दुसऱ्या मतदारसंघाचा सदस्य लागतो.

ही गोष्ट केवळ तात्त्विक नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत स्त्री-पुरुषांचे, मुलांचेही केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडू लागले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गावांत आले, नमुने घेतले गेले. ज्येष्ठ संशोधक डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरातील सेलेनियमच्या वाढीव प्रमाणाकडे लक्ष वेधून रेशनच्या गव्हावर बोट ठेवले. वृत्तपत्रांत या घटनेची चर्चा बहुतांशी कुतूहलाने झाली. ज्या घरांतील मुलींची लग्ने ठरायची होती, त्यांच्यासाठी ती कुतूहलाची बाब नव्हती.

लिमये यांच्या पद्धतीने हा विषय हाताळायचा झाल्यास प्रश्नांची रचना महत्त्वाची ठरते. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने ‘केसगळतीबाबत शासन काय करीत आहे’ असा ढोबळ प्रश्न राज्याकडे सहज टोलविला जाऊ शकतो. परंतु संशोधन परिषद केंद्राची आहे आणि केंद्रीय साठ्यातून राज्याला गहू दिला जात असेल तर त्याचा हिशेबही केंद्राकडे असतो. म्हणून प्रश्न असे हवेत : या गावांत वाटलेला गहू कोणत्या साठ्यातून आला, तो अन्यत्र कोठे वाटला गेला, त्याची तपासणी कोणी व केव्हा केली, परिषदेच्या पथकाने कोणता निष्कर्ष काढला आणि तो पटलावर ठेवला जाईल काय? यांतील काही प्रश्न अन्न मंत्रालयाचे आहेत, काही आरोग्य मंत्रालयाचे. दोन्हींची उत्तरे शेजारी ठेवून वाचली म्हणजेच विसंगती दिसते. लोकसभेत एका दिवशी तोंडी उत्तरासाठी केवळ वीस तारांकित प्रश्न घेतले जातात आणि त्यांतीलही मोजक्याच प्रश्नांपर्यंत वेळ पोहोचते. त्यामुळे मोघम प्रश्न ही गमावलेली संधीच ठरते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लिमये यांचे महत्त्व त्यांच्या निःस्पृहतेइतकेच त्यांच्या प्रश्नपद्धतीत आहे; निःस्पृहतेचे अनुकरण अवघड असले तरी पद्धती शिकता येते. दुसरी, विरोधी सदस्य हा ज्याचा कोणी विचारणारा नाही अशा प्रत्येक गावाचा पर्यायी प्रतिनिधी असतो. बुलडाण्यासारख्या जिल्ह्याला त्याची गरज आपला खासदार मंत्री असतानाच सर्वाधिक भासते. तिसरी, प्रश्नाचे बळ शासनाच्या उत्तरावर आणि ते उत्तर वाचणाऱ्या समाजावर अवलंबून असते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेची स्वतंत्र समिती आहे. तथापि जिल्ह्यात त्या आश्वासनांची नोंद ठेवणारे कोणी नसते.

हे काम महाविद्यालयांना करता येण्याजोगे आहे. लोकसभेतील प्रश्नोत्तरे आता संगणकावर सर्वांना उपलब्ध आहेत. राज्यशास्त्राच्या व मराठीच्या विद्यार्थ्यांनी बुलडाणा जिल्ह्याविषयीची प्रश्नोत्तरे वर्षनिहाय संकलित केल्यास कोणी विचारले, काय विचारले आणि काय विचारायचे राहून गेले, याचा लेखाजोखा तयार होईल. शेगाव तालुक्यातील त्या गावांची नोंद या संकलनात सर्वप्रथम व्हावी.