नियमांची भाषा आणि यंत्राचा निर्णय

२०१९ साली मध्य प्रदेशाने, पूर्वी फेटाळलेले वनहक्काचे दावे ‘वनमित्र’ या संगणक-प्रणालीद्वारे फेरतपासणीस घेतले. तीच रीत शहापूर-मुरबाडच्या ठाकूर-कातकरी पाड्यांना लावावयाची झाल्यास आधी २००६ च्या कायद्याची भाषा वाक्यशः तपासली पाहिजे. हे काम केवळ आज्ञावली लिहिणाराचे नव्हे.

१३ डिसेंबर २००५ ही तारीख, ४ हेक्टरांची मर्यादा, इतर पारंपरिक वननिवासींसाठी तीन पिढ्यांची व २५ वर्षांस एक पिढी मानणारी अट, एवढे यंत्राकडे खुशाल सोपवावे. परंतु ‘प्रामुख्याने वास्तव्य’ या पदाचे काय? दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन पावसाच्या तोंडी परतणारे कातकरी कुटुंब पाड्यावर राहते, की नाही? ‘होय’ वा ‘नाही’ एवढेच जाणणारा रकाना त्यास उपरे ठरवील. म्हणून ‘ग्रामसभेस विचारावे’ असे तिसरे उत्तर प्रणालीत हवेच.

पुराव्याचेही तसेच. वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन नियमांना ग्राह्य आहे. २०१२ च्या दुरुस्तीने उपग्रहचित्रास पूरकाचेच स्थान दिले. प्रणाली मात्र जे सहज जुळते त्याकडे झुकते.

प्रत्येक नियम आधी एका मराठी वाक्यात, अंमलाच्या तारखेसह लिहावा आणि जुन्या निकाली दाव्यांवर चालवून पाहावा. मतभेद दिसेल तेथे बहुधा वाक्यच संदिग्ध असते.

‘दावा अमान्य’ या वाक्यास कर्ता नाही, कारणही नाही. मग ६० दिवसांच्या मुदतीत अर्जदाराने अपील करावयाचे ते कोणत्या मुद्द्यावर?